खो मिळेस्तोवर

गुडघ्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर.
त्यावर पोरींच्या सह्या,
आणि सुनयनानं पेनानं काढलेला खांब, जरा वाकडाच.

अंजुम मॅडम म्हणाल्या, पाय हलवू नको,
नुसतं मनात पळ.
धाराशिवच्या त्या दवाखान्यात पंखा कुरकुरत होता.
मला हसू आलं.
मनात पळून कधी कुणी बाद झालंय?

तरी डोळे मिटले.
चौकातून उठले, पाटीला खेटून सुटले,
खांबाला हात घातला आणि अंग सगळं हवेत –
मॅडमच्या हातात घड्याळ. चार सेकंद.
मैदानावरही तेवढेच लागायचे.
दुसऱ्यांदा चार. पाचव्यांदा साडेपाच,
आणि घशाला कोरड.

"मेंदूला दोन्ही पळणं जवळजवळ एकच,
तीच जुळवाजुळव, तोच तोल.
शेवटचा हुकूम तेवढा तो
पायापर्यंत जाऊ देत नाही."

रात्री आई म्हणाली, काय करायलीस गं झोपेत?
चादर सगळी गोळा झालीय.

काय सांगू.
आत कुणीतरी चौकात उकिडवी बसलीय,
टाच उचललेली, बोटं मातीत,
छाती पुढं कललेली.
उठली तर फाउल.
पाठीवर हात पडायचाय अजून,
कानाशी तो एवढासा शब्द.

प्लास्टरच्या आत पोटरी
हलकेच दचकते.
बस, मी म्हणते.
ती ऐकते,
पण टाच काही खाली टेकवत नाही.