नंतर काढणे

काटा हळदीचा, म्हणून प्रयोगशाळेला अजून वास आहे.
मार्केट यार्डातल्या आवटींनी दिला, बंद पडलेला,
"भंगारात घालण्यापेक्षा शिका त्यावर" म्हणाले.
बंद म्हणजे काय, उंदरानं वायर खाल्लेली.
झाकण उघडलं तर स्क्रूच्या आट्यांत पिवळं,
सर्किटच्या पाठीवर पिवळं,
माझ्या नखांत आठवडाभर.
मेसमधल्या पोरी विचारतात, तहसीन, कुणाशी ठरलं?

या चिपशी.
सव्वातीन महिने तिच्यासमोर बसून आहे,
एक शब्द बोललेली नाही.
आत काय लिहिलंय ते वाचायची वाट
बनवणाऱ्यानं बुजवलेली.

पण विचार करायला चिपलाही वीज लागते,
अवघड विचाराला कणभर जास्त,
आणि ऑसिलोस्कोपच्या हिरव्या रेघेवर
तिची धाप दिसते.
माझे आजोबा गावभागात सहाण फिरवायचे.
पातं टेकवलं की ठिणगी बघायचे,
रंगावरनं सांगायचे पोलाद कुठलं, कितीदा तापलेलं.
पात्याला विचारायचं नसतं, म्हणायचे,
घासायचं आणि बघायचं.

मी घासत बसले.
कुलूप तपासायच्या नेमक्या क्षणी
डोळ्याचं पातं लवायच्या आत
वीज काढून परत दिली
तर चिपला ठेच लागते,
आणि "कोण आहे?" विचारायचंच राहून जातं.
पण नेमका क्षण कुठला?
एकेचाळीस हजार वेळा चुकला.
मधे दोन रात्री महावितरणनं स्वतःच वीज काढली,
त्यांचाही चुकला.

गुरुवारी पहाटे पावणेतीनला ती अडखळली.
चौसष्ट किलोबाइट, सगळा कचरा, आकडे, आकडे,
आणि मधेच, इंग्रजी अक्षरांत, शुद्ध मराठी:
नंतर काढणे.

त्या दोन शब्दांमागे एक दार होतं.
चार आकडे दाबायचे, बटण धरून ठेवायचं,
मग पोत्याचं वजन तुम्ही म्हणाल ते.
क्विंटलला दोन किलो कुणाला दिसतात?
बाहेर शिशाचं सील शाबूत,
त्यावर वैधमापनाचा शिक्का, वर्षासकट.
दाराला सील नव्हतं,
कारण दार आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

सकाळी मगदूम मॅडमना दाखवलं.
मला वाटलं शाबासकी देतील.
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.
"तहसीन, हे माझं आहे."

तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. फळ्यावर लिहिलेलं.
दर वेळी काटा उघडायला लागू नये,
पोरांचा तास वाचावा, म्हणून चोरवाट.
खाली खडूनं: नंतर काढणे.
चार आकडे त्यांच्या लूनाचे.
"पोरांनी उतरवून घेतलं," म्हणाल्या,
"नीट उतरवून घेणारी बॅच होती ती."
त्यातल्या एकाचा कुपवाडला कारखाना आहे.
दिवाळीला अजून पेढे पाठवतो.

असे काटे किती? मोजायचे आहेत.
कुणी दार उघडलं का कधी?
ते चिपला सांगता येत नाही.
बोट कुणाचं होतं हे ती लक्षात ठेवत नाही,
तसं तिला कुणी शिकवलेलं नाही.

कारखान्याला पत्र लिहायचं, मग नव्वद दिवस गप्प राहायचं,
मग जगाला सांगायचं, अशी रीत.
मॅडमनी पहिलं वाक्य चारदा खोडलं.
"आपल्या उत्पादनात त्रुटी आढळली"
मधला "आपल्या" त्या बघत राहिल्या.
मराठीत या शब्दाची सोय फार वाईट,
तुमच्या म्हटलं तरी तोच,
आमच्या म्हटलं तरी तोच.
शेवटी तोच ठेवला.

संध्याकाळी काटा जोडला, चालू केला.
वर काहीच नाही, ना पोतं, ना माणूस.
लाल आकडे जरा थरथरले, थांबले:
पन्नास ग्रॅम.
मी मॅडमकडे पाहिलं.
"आतली हळद असेल," म्हणाल्या,
आणि ब्रश शोधायला उठल्या.