चित्रांची वही

बैंगनवाडीत गिरणीच्या माळ्यावर आमची संस्था.
फायलींवर कायम पिठाची साय.

कौतिका खिल्लारे आली ती पैसे मागायला.
मी वही दिली.
"लिवता येत न्हाई."
मग चित्रं काढा.

महिन्याने आम्ही पानं उलटली:
सिलिंडर, पाण्याचे हंडे,
धाकट्याचा दम्याचा पंप,
तंबाखूची पुडी ("नवऱ्याची न्हाई, माजीच")
आणि दर सोमवारी एक उंदीर.

"हा कोण?"
"व्याजवाला."

हसलो दोघी.
मग तिने बोटाने उंदीर मोजले,
आणि हसायची थांबली.

गटाने कर्ज दिलं, जुनं देणं एकदाचं फेडायला.
जामीन बारा बायका, त्यात पाच अंगठे.
गणपतीत दोन हप्ते बुडाले;
हलिमाआपांनी भर बैठकीत तिला असं झापलं
की खालचा गिरणीवालाही वर डोकावला.
तिसरा हप्ता तिने सुट्ट्या नाण्यांत आणला,
रुमालात बांधून, काही न बोलता.

उंदीर आधी बारीक झाला. मग दिसेना.

काल आली, वही उघडीच धरून.
शेवटचं पान कोरं.
"चाळीस उरले, ताई.
उरल्याचं चित्र कसं काढत्यात?"

मी बी.कॉम., पहिला वर्ग.
पेन्सिल घेतली हातात.
खाली गिरणी सुरू झाली
आणि टेबल थरथरत राहिलं.