दोन्ही डावे

पुण्याहून पार्सल आलं. भुसा, जुने पेपर,
आत दोन आरसे. दोन्ही डावे.
मी एक उलटा धरून बघितला, पालथा धरून बघितला.
डावा कसाही धरला तरी डावाच राहतो
हे पन्नाशीत नव्यानं कळलं.

गाडी कॅम्पातल्या फिलोमेनाबाईंची,
म्हणजे त्यांच्या भावाची, आंब्रोजची.
दोन दारं, दोन जागा, कापडी छप्पर,
रंग एकेकाळी हिरवा.
उजवा आरसा चोर्ल्याच्या वळणावर ट्रकनं नेला,
डावा पोरांनी.
आंब्रोज जाऊनही अकरा वर्षं झाली.
बाई म्हणाल्या, "मागलं दिसूक पाहिजे, नाहीतर मी चालवणार नाही."
वय एकोणऐंशी.
मी म्हटलं, बाई, पुढचं दिसतंय काय?
हसल्या नाहीत.

पुण्याला फोन लावला. उजवा आता मिळत नाही म्हणाला,
हवा तर आणखी एक डावा आहे.

उद्यमबागेत एक बरं असतं की,
जे मिळत नाही ते आम्ही ओततो.
परशराम पॅटर्नवाला आला, आरशाचं बूड बघितलं,
तंबाखू मळली, खाल्ली नाही, उठला,
आणि समोरच्या सलूनमधनं दाढीचा आरसा काढून आणला.
त्याच्यापुढं डावा उभा केला.
काचेत जो दिसला
तो सागवानात कोरत बसला दोन दिवस,
सगळीकडनं जरासा मोठा,
कारण धातू निवताना आक्रसतो.
सलूनवाला तीनदा येऊन शिव्या देऊन गेला.

ओतला, घासला, पॉलिश केला, क्रोमला पाठवला.
काच स्कूटरच्या आरशातली, गोल कापून.
उजवा झाला.
बसवायचा कुठं?

उजवं दार त्या ट्रकनंतर बदललेलं. कोरं. भोक नाही.
डाव्या दारावर कागद ठेवून पेन्सिल घासली,
कागद उलटा करून उजव्यावर चिकटवला,
सेंटर पंच टेकवला, हातोडी उचलली,
खाली ठेवली,
चहा मागवला.
पत्र्याला भोक पडलं की पडलं. पत्रा काय विसरत नाही.
शेवटी पाडलं. सहा एमएम.
कडेला काडीनं रेड ऑक्साइड,
खाली सायकलच्या ट्यूबचा वॉशर,
स्क्रू हातानंच, शेवटचा पीळ श्वास धरून.

मग मी स्टिअरिंगवर बसलो, बाहेर गुरसिद्ध.
गोकाकचा पोरगा, आठ महिने झाले माझ्याकडं.
तो माझ्याकडनं पाने शिकला,
मी त्याच्याकडनं एवढंच, की आरशाला कन्नडी म्हणतात.
"स्वल्प मेले," मी.
"एवढं बास?" तो.
"बलक्के, बलक्के. साकु."
"हलवू नको आता, मालक."
काचेत समोरच्या कारखान्याची पाटी आली,
वर कन्नड, खाली मराठी,
ज्या पाटीसाठी एकदा दगड पडले होते.
दोन्ही उलट्या.
मला एकही वाचता येईना.
मी आरसा अजून जरा खाली करायला सांगितला.

शनिवारी बाई रिक्षानं आल्या, डोक्याला रुमाल बांधून.
मी शेजारी बसलो, दाराची कड धरून.
पहिला गिअर कुरकुरला, दुसरा लोण्यासारखा पडला.
तिसऱ्या गेटला फाटक बंद.
मालगाडी, संपता संपेना.
बाईंनी डाव्यात बघितलं,
मग उजव्यात.
उजव्यात बराच वेळ.

"कोण तरी येतंय," म्हणाल्या,
आणि त्यांचा आवाज असा लागला
की मी मान वळवली नाही.

मग वाकून मीही काचेत बघितलं.
टेंपो, दुधाच्या किटल्या, दोन शाळेच्या पोरी,
आणि त्यांच्यामधनं, स्कूटरच्या काचेमुळं जरा जास्तच लहान,
गुरसिद्ध पळत येत होता,
हातात पेट्रोलच्या टाकीचं झाकण उंच धरून.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न मारायला लागले.
बाईंनी गाडी हलवली नाही.