करंज

गोळीबार चौकातले हेडाऊ पाणबुडीत होते,
चौदा वर्षं.
गल्लीत अजून कुणाला पटत नाही.
समुद्र इथून कुठल्याही वाटेनं रात्रभराचा,
आणि यांना अंबाझरीतसुद्धा पोहता आलं नाही कधी.

दारात करंज. खरजेला तेल न्यायला बाया येतात.
बोटीचंही नाव करंज.

झाडावरून ठेवलं का हो?

"काऊन झाडावरून?
कोनी म्हने मासा, कोनी म्हने बेट.
वरून कागद आला, आम्ही रंगवलं.
पन खाली गेलो का
मले तं हेच झाड दिसे."

मग ती मोडीत निघाली,
भंगाराच्या भावानं.
कितीक वर्षांनी पेपरात फोटो:
कोरी काळी पाठ, धक्क्यावर बँड,
आणि तेच नाव.
हेडाऊंनी पेपर झाडाखाली नेला,
दुपार उतरेपर्यंत तिथंच.
एवढंच म्हणाले,
"नाव गेली. नाव राह्यलं."

परवा नातीचं बारसं.
आत्यानं कानात कुर्र केलं,
बाया हसल्या, घुगऱ्या वाटल्या.
यांचे कान इंजिनानं कधीच नेलेत.
वाकून सुनेला विचारलं,
"आधी कोनाचं होतं?"