बारा बुधवार

खोकला नाही, ताप नाही.
भाऊजींच्या छातीचा फोटो निघाला, तेव्हा माझाही काढला.
दंडाला सुई टोचली,
दोन दिवसांनी गांध मोजली पट्टीनं.
"तुझ्यातही आहे," वनमालाताई म्हणाली, "पण निजलेला.
उठायच्या आधी गोळ्या घे."

तेव्हापासून पाळण्यात कोणाचं लेकरू असावं
तशी मी घरात पाय न वाजवता चालते.

दर बुधवारी नऊ गोळ्या, वर एक पिवळी.
दुपारपर्यंत भाताचा वास सहन होत नाही.
पहिल्या दिवशी न्हाणीत केशरी पाणी बघून
सासूला हाकच मारली.
"ऐन आषाढात पळस फुलला वाटते," ती म्हणाली.
हसलो दोघी. मग बराच वेळ बोललो नाही.

रोवणीच्या बांधावर पार्बता विचारते,
"बिमारी नाही, तं औषध काऊन?"
दुसऱ्या दिवशी माझा गडवा
बाकीच्यांपासून हातभर लांब.

भाऊजी काही म्हणत नाहीत.
बुधवारी ग्लास राखेनं घासून, भरून,
ओट्यावर ठेवतात, आणि कोठ्याकडे तोंड करून बसतात
माझं गिळून होईपर्यंत.
सातव्या बुधवारी उलटी झाली.
तोंड पुसून वळले
तर ग्लास पुन्हा भरलेला.

आज बारावा.
ताईनं कार्डावर खूण केली, "झालं," म्हणाली,
सायकलवर टांग टाकली.
बरी झाले, हे सांगू कोणाला?
आजारी कधी होते?

चुलीमागं कोळशाच्या बारा रेघा.
सासू म्हणते, सारवताना पुसून टाक.
दिवाळीपर्यंत राहू दे म्हटलं.