प्रमाण : एक इंचास चार फूट

स्तूप बघायला निघाले, म्हणजे
दांडिया बाजारातून रिक्षा केली.
मांडीवर अण्णांची पत्र्याची नळी, नळीत नकाशा.
पुलावरून विश्वामित्री दिसली,
काठावर एक मगर जबडा उघडा टाकून
उन्हाला दात दाखवत पडलेली.
"म्युझियम ना, बेन?" रिक्षावाल्यानं विचारलं.
म्हटलं, नाही रे, एक विहार आहे. फळ्यांवर ठेवलाय.

देवनी मोरी आता मेश्वोच्या पोटात.
तेव्हा अण्णा सव्वीस वर्षांचे, रोजावरचे ड्राफ्ट्समन.
ते विटा मोजत होते,
वरच्या अंगाला दुसरी माणसं पाणी मोजत होती.
स्तूप, भिक्षूंच्या खोल्या, पन्हळी, उंबरे,
सगळं एक इंचास चार फूट
कागदावर उतरलं,
आणि धरणाचे दरवाजे लागले.

परतले ते नळ पिळणारे अण्णा होऊन.
ठिबकणारा थेंब सोसायचा नाही त्यांना,
रात्री दोन-दोनदा उठून मोरीत जायचे.
आई कुशीवर वळत म्हणायची,
एक मोरी बुडाली म्हणून
दुसरीची किती राखण कराल?

मागच्या खोलीचं कुलूप जेसंगभाईंनी काढलं.
मातीची मस्तकं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या,
एकाला नाक नाही,
एकाच्या केसांच्या वळ्यांत अजून तांबडा गाळ.
अस्थिपात्र? ते तिजोरीत, सही लागते.
मी हट्ट धरला नाही. कारण तोवर
मला आकडे दिसले होते.
प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर,
आणि सातच्या पोटातून आडवी रेघ.
आमच्या दूधवाल्याच्या वहीतले सात असेच असायचे.
एकशे सात. दोनशे सत्तर. सातशे सत्त्याहत्तर,
तिथे तर तीन रेघा ओळीनं,
आणि मी उगाच चष्मा पुसत राहिले.

जेसंगभाईंचा आजा तिथे पाट्या उचलायला होता.
दुष्काळाच्या साली पाणी उतरलं की ते जाऊन येतात.
"काय दिसतं?"
"गाळ, बेन. म्हशी बसतात. मजा करतात."

टेबलावर नकाशा पसरला, तो पुन्हा पुन्हा गुंडाळी होई.
त्यांनी चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या,
त्याच स्तूपाच्या.
एकीवर कुत्र्याचं पाऊल,
दीड हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीवरून
कुणाचं न ऐकता गेलेलं.
पायऱ्यांच्या डावीकडे एक तपकिरी वर्तुळ.
जेसंगभाईंनी त्यावर पट्टी धरली: तीन इंच.
"म्हणजे बारा फूट. हे कशाचं बांधकाम?"
म्हटलं, चहाचं. कपबशी ठेवली असेल.
ते हसले नाहीत. वहीत नोंद केली:
गोल अवशेष, उत्तरकालीन.

नकाशा तिथेच देऊन आले.
पावतीचा नंबर सत्तेचाळीस.
सात साधाच, रेघेशिवायचा.
रिक्षात बसल्यावर पिशवीतलं पेन काढलं,
आणि ती ओढून टाकली.