दुसरी कळ

अंबडला, लेथच्या गाळ्यावर जी पत्र्याची खोली आहे
तिथे मी कळांना कान बसवते.
खाली थोरातांचं मशीन पितळ सोलतं,
वर माझ्या टेबलावर उघडा कीबोर्ड,
आडव्या पाच तारा, उभ्या चौदा,
द्राक्षाच्या मांडवासारख्या,
आणि एक चिप, सेकंदाला हजारदा
प्रत्येक वेलीखाली वाकून बघणारी:
कुणी दाबलं का? कुणी सोडलं का?

गाभा लहान ठेवायचा, एवढं ठरलं होतं.
त्याने फक्त म्हणावं, 'कळ खाली गेली'.
कुणाला सांगतोय, ते त्याला ठाऊक नसावं.
धरणातून सुटलेलं पाणी
सराफ बाजाराला नाव घेऊन हाक मारत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं
की एक जण दुकानाच्या फळ्या उचलतो,
छातीला लागलं की दुसरा माळ्यावर भांडी चढवतो.
ज्याची त्याची खुंटी, ज्याच्या त्याच्या उंचीवर.
तशा मी बत्तीस खुंट्या ठोकल्या.
कुणी दिवे अडकवावेत, कुणी आवाज.
आणि प्रत्येक खुंटीला एक हक्क:
'हो' म्हटलं तर कळ पुढे जाईल,
'नाही' म्हटलं तर ती घडलीच नाही.

तेव्हा हे फार सुटसुटीत वाटलं होतं.

पहिली खुंटी हेमलता गायधनींची.
एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखक,
आता जेल रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
उजव्या हाताला कंप.
त्या 'साक्ष' लिहितात, पडद्यावर 'सससाक्ष'.
'बोटं तोतरी झालीत गं,' म्हणाल्या,
बशी दोन्ही हातांनी धरून.

मी चाळीस ओळींचं प्लगइन लिहिलं:
तीच कळ लागोपाठ आली, तर दुसरी गिळ.
साक्ष. आरोपी. पंचनामा.
सगळं स्वच्छ. मी खूश.
मग त्यांनी धाकट्या बहिणीला पत्र घेतलं.
'प्रिय मता'.
खोडायला गेल्या, तर एकच अक्षर खोडलं गेलं,
कारण खोडण्याचीही ती दुसरीच कळ.
'ममताचा म कुठे गेला?'

मराठीत तीच कळ पाठोपाठ क्वचित येते.
'अण्णा'तल्या दोन ण-मध्ये पाय मोडलेला असतो,
'मामा'त काना.
सापडतात ते ससा, गगन, ललिता.
आणि ममता.

म्हटलं, वेळ मोजते.
कंपाची कळ साठ मिलिसेकंदांत येते,
मनातली दीडशेनंतर. उंबरठा नव्वदवर.
त्यांनी ऐकून घेतलं.
'आणि मनातलीच लवकर आली तर?
कोर्टात साहेब म्हणायचे, हे वाक्य वगळा.
आम्ही वगळायचो. खोडायचो नाही.
वरून एक रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे.
उद्या कुणी म्हणालं, मी असं बोललोच नाही,
तर रेघेखाली त्याचं बोलणं असायचं.'

परत येऊन मी 'नाही' काढून टाकलं.
आता कुठल्याच खुंटीला कळ गिळता येत नाही.
रेघ मारता येते, आणि रेघेसकट पुढे द्यावी लागते.
काय उमटवायचं ते शेवटी एकच जण ठरवतो.
वगळलेल्या कळा, वेळेसकट, एका गोल वहीत,
जिचं शेवटचं पान भरलं की पहिलं पुसलं जातं.
दोन किलोबाइट गेले.
रंगीत दिव्यांचा खेळ काढावा लागला,
थोरातांच्या मुलाला तेवढं वाईट वाटलं.

काल जेल रोडला गेले.
त्यांनी म दाबला. थांबल्या. चांगल्या थांबल्या.
मग दुसरा म.
'इतकं थांबायला नको आता,' मी म्हणाले.
'माहीत आहे.'

मग म्हणाल्या, वगळलेलं दाखव.
चष्मा पुसून त्या वहीशी बसल्या:
र र र, न न, नुसतेच काने, मग बराच वेळ काही नाही.
ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या,
'हे साडेअकराचं. गोळी घ्यायची राहिली होती.
याची एक प्रत काढून दे,
डॉक्टर म्हणतात, कंप कमी झालाय.'